भाभी, तुझी नव्वदची रेंज

भाभी, तुझ्या नसीमने मला पेचात टाकलंय. असं काही झालं की मी दोन जिने चढून तुझ्याकडे यायचे. आता वर येऊन कोणाला विचारू? म्हणून लिहितेय. श्रेयाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती घेतली. कोणाला दाखवायची नाहीत.

काल संध्याकाळी नसीम ऑफिसातून परस्पर आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, "सुलूआंटी, अब्बा बोलतात ती कुकिंग रेंज तुम्ही घ्या. तुमच्या किचनचं काम चालू आहेच ना. अम्मीची लास्ट विश समजा." तू जाऊन बाराच दिवस झालेत. तिच्या चेहऱ्याकडे बघून माझ्या तोंडून हो निघत नव्हतं आणि नाही तर त्याहून निघत नव्हतं. म्हटलं, "शुक्रवारी सांगते गं."

आज बुधवार. शनिवारी सकाळी सुतार ओट्याची फळी कापायला येतोय. एकदा कापली की कापली. मधे साठ सेंटीमीटरची जागा सोडायची की नव्वदची, ते त्याला तेव्हाच सांगायला लागेल. तुझी ओव्हनवाली रेंज नव्वदची. म्हणजे आपलं भांडण जिथं थांबलं होतं तिथंच परत येऊन उभं राहिलंय. फक्त तुझ्या बाजूने आता तुझी रडवेली पोर बोलतेय. तिच्याशी मी भांडू कशी?

तुझ्याशी भांडता आलं, हेच मोठं होतं. मी कोणाशी बोलणारी बाई नव्हते. आखातात, अल् घुब्राच्या या बिल्डिंगमध्ये आलो तेव्हा श्रेया दीड वर्षाची होती. हे सकाळी साइटवर जायचे आणि मी दिवसभर दार लावून बसायचे. एकदा मीठ संपलं. खालच्या दुकानाबाहेर मी रिकामी पिशवी घेऊन उभी होते, आतली गिऱ्हाइकं संपायची वाट बघत. गिऱ्हाइकं संपत नव्हती. तू आतून बाहेर आलीस, दोन्ही हातांत पिशव्या, आणि माझ्या मंगळसूत्राकडे बघून सरळ मराठीत विचारलंस, "काय गो, कुठल्या गावची?"

"गुहागरकडची."

"मग बोलतेस की! मला वाटलं मुकी आहेस. काय हवंय?"

"मीठ."

"मिठासाठी एवढी लाजतेस? दागिने घेताना काय करशील?" आणि मला दंडाला धरून आत नेलंस. मी बोटाने पुडा दाखवला तर माझं बोट खाली केलंस. "बोट दाखवायचं नाही. नाव घ्यायचं. मोठ्यानं." मी मीठ म्हटलं. दुकानदार मल्याळी, त्याला मीठ कळलं नाही. तू हसून हसून शेल्फला टेकलीस आणि मग म्हणालीस, "बरं, नमक म्हण."

त्यानंतर घरातली प्रत्येक वस्तू मी तुझ्याबरोबर घेतली. मिक्सर, इस्त्री, फ्रिज, कपडे धुवायचं मशीन. बौशरच्या त्या मोठ्या दुकानातले सेल्समन तुला बघून एकमेकांकडे बघायचे. तू खोका उलटा करायला लावायचीस. "समोरचं चित्र नको बघूस, सुलू. चित्रात सगळंच बसतं. खोका फिरव, बाजूचं वाच. आणि त्यात हँडल धरलंय का विचार. मागं पाइप यायला चार बोटं लागतात ती वेगळी." मी म्हणायचे, मला इंग्रजी कुठं येतं. तू म्हणायचीस, आकडे तर येतात? आकडे मला यायचे. चौथीपर्यंत गणितात माझी पाटी कधी चुकली नव्हती. हे मी लग्नानंतर कोणाला सांगितलं नव्हतं, तुला त्या दुकानात सांगितलं.

आणि तुझा तो कागद. पर्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार घड्या घातलेला. रत्नागिरीच्या घराचं किचन. तुझ्या दिराने निळ्या पेनने मापं लिहून पाठवलेली. ओटा केवढा, सिंक केवढं, आणि मधे रेंजसाठी मोकळी सोडलेली जागा, नव्वद. घर बांधून झालं, ओटा झाला, मधली जागा रिकामीच. तू म्हणायचीस, तिथं सध्या जाऊ बादल्या ठेवते. दुकानात काहीही बघताना तू आधी तो कागद उघडायचीस. माझा मिक्सर घेतानासुद्धा उघडलास. मी म्हटलं, "भाभी, मिक्सर माझा आहे." तर म्हणालीस, "असू दे. बघायला काय जातंय."

हसायला मला तोंड नव्हतं. आपण इथले सगळेच तसे. कोणाच्याही बेडरूममध्ये जा, कपाटावर छतापर्यंत खोके. डिनर सेट गावचा, ओव्हन गावचा, चादरी गावच्या. माझ्याही पलंगाखाली एक मिक्सर आणि दोन कुकर गुहागरच्या घरासाठी पडून आहेत, आणि मी इथं झाकण न बसणाऱ्या कुकरवर वजन ठेवून भात लावते. आपण वस्तू घेतो तिकडच्या जागेच्या मापाने, आणि ठेवतो इकडे. मग त्या इकडे कुठंच बसत नाहीत, आणि आपण त्यांच्या कडेकडेने चालतो.

तुझ्या हॉलमधला रेंजचा खोका तर बिल्डिंगभर प्रसिद्ध होता. नऊ वर्षं. त्यावर तू भरतकामाचा टेबलक्लॉथ घातलास. त्यावर फोनचे चार्जर, नसीमची पुस्तकं, पाहुण्यांचे चहाचे कप. नवीन कोणी आलं की तू ओळख करून द्यायचीस, "ही आमची नवरी. पाच बर्नरची. सासरी जायच्या तयारीत बसलीय." भाईजान म्हणायचे, "नवरीला आता केस पिकायला लागले." तू त्यांना दटावायचीस, "पिकू देत. तिचा संसार गावातच लागणार."

मी हसायचे. आत स्वयंपाकघरात तू तीन बर्नरच्या जुन्या शेगडीवर मटण शिजवायचीस. ती शेगडी ॲल्युमिनियमच्या डुगडुगत्या स्टँडवर होती, आणि मोठं पातेलं ठेवलं की नसीम स्टँड धरून उभी राहायची.

आता माझ्या किचनचं. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे माझं डोकं जागेवर राहील. जुनी कपाटं भुशाच्या फळ्यांची होती, पाण्याने फुगली होती, दारं लागत नव्हती. अर्बाबला, म्हणजे घरमालकाला, यांनी विचारलं. तो म्हणाला, करायचं तर करा, खर्च तुमचा, भिंत तोडायची नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा हे मला म्हणाले, "तुला कसं हवंय ते तूच ठरव." मी दोन दिवस घाबरून होते. तिसऱ्या दिवशी यांचा टेप घेतला आणि मापायला लागले.

भाभी, मला त्या मापण्यात काय मजा आली, ते तुला सांगायचं राहूनच गेलं. भिंत दोनशे चाळीस. वरती मापली तर दोनशे चाळीस, खाली लादीपाशी दोनशे अडतीस, कारण टाइलची पट्टी पुढे आलीय. म्हणजे खालचं धरायचं. मशीन हॉलच्या बोळात बाथरूमचं दार अडवून बसलं होतं, ते ओट्याखाली घ्यायचं. पण आमचं मशीन वरून उघडणारं, ते ओट्याखाली जाणारच नाही. मग समोरून उघडणारं बघायचं. त्याला साठ. सिंकचं कपाट अठ्ठ्याहत्तर. रेंज साठ. राहिले चाळीस. श्रेयाने फोनवर रेंजची माहिती काढून वाचली, "आई, विड्थ फाइव्ह नाइन्टी एट एमएम आहे, पण दॅट्स नॉट सिक्स्टी, सो चालेल का?" म्हटलं, "दोन मिलिमीटर कमी आहे, पोरी, म्हणूनच चालेल." ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आई, यू आर गुड ॲट धिस."

आणि ते चाळीस सेंटीमीटर. त्यांच्यावर माझा जीव. गॅसच्या उजव्या हाताला चाळीस सेंटीमीटर मोकळा ओटा, खाली तीन ड्रॉवर. बारा वर्षं मी भाजी मांडीवर ताट घेऊन हॉलमध्ये चिरली. गॅसच्या शेजारी उभं राहून, चिरलं की तसंच कढईत लोटायचं, एवढंच मला हवं होतं.

तू आलीस. मी वहीतलं चित्र दाखवलं. तू वरवर बघितलंस आणि पर्समधून तुझा कागद काढलास.

"साठची? त्यात बाहुलीचं जेवण करणार काय गो? नव्वदची घे. उद्या गावी घेऊन जाशील."

"नव्वद घेतली तर चिरायला जागा राहत नाही, भाभी. दहा सेंटीमीटर उरतात."

"एवढी वर्षं चिरलंस ना मांडीवर? अजून चार वर्षं चिर. आपण काय इथं मरायला आलोय?"

हे लिहिताना माझा हात थांबला. पण तू म्हणालीस ते म्हणालीस.

मी म्हटलं, "मी रोज तीन वेळा इथं जेवण करते. गावी वर्षातून वीस दिवस. मग माप कुठलं धरायचं?"

तू चष्म्यावरून बघितलंस. "शिकलीस हां बोलायला. चौथी पास होऊन मला माप शिकवतेस?"

ते मला लागलं. आकड्यांचं मी फक्त तुला सांगितलं होतं. मग मीही बोलले, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तू त्या कागदात राहतेस, भाभी. इथं तू राहतच नाहीस. मला नाही तसं राहायचं." तू कागदाच्या घड्या घातल्यास, एक एक करून, पर्स बंद केलीस आणि गेलीस. चहा तसाच राहिला.

तीन दिवसांनी लिफ्टमध्ये भेटलो. खालचे ते इब्रा गावचे म्हातारे आजोबा होते, दोन पोरं होती सायकली घेऊन. तू सगळ्यांच्या डोक्यावरून विचारलंस, "सुतार आला काय?" मी म्हटलं, "हो." सुतार आला नव्हता. तुझ्याशी जास्त बोलावं लागू नये म्हणून मी हो म्हटलं. लिफ्ट खाली पोचली, आणि तू पुढे आणि मी मागे. तू थांबून वळशील असं मला वाटलं, आणि मी चपलेचा पट्टा नीट करत बसले. इतकंच. त्यानंतर मला तुला काही सांगता आलं नाही.

तू गेलीस त्या दिवशी माझं किचन फोडलेलं होतं. सुतार आदल्याच दिवशी जुनी कपाटं काढून गेला होता, गॅसची नळी बंद. तुमच्यात तीन दिवस घरी चूल पेटवत नाहीत, शेजाऱ्यांनी जेवण पाठवायचं, हे तूच मला शिकवलं होतंस. किती घरांत आपण दोघींनी मिळून पातेली नेली होती. आणि तुझ्या वेळेला माझ्याकडे गॅस नव्हता. मी हॉलमध्ये जमिनीवर विजेची छोटी शेगडी ठेवली आणि त्यावर डाळ-भात केला. इतक्या माणसांना एकदम होईना, म्हणून चार वेळा लावला. चारही खेपा वर घेऊन गेले. कोणाशी बोलले नाही, नेहमीसारखी. पण पातेली मात्र मीच नेली, दुसऱ्या कोणाच्या हातात दिली नाहीत.

बायकांमध्ये बसले होते तेव्हा पुरुष तुला घेऊन गेले. संध्याकाळी भाईजान परत आले, त्यांच्या चपलांना इथली ती पांढरी माती होती. ते दारात उभे राहून चपला झटकत राहिले, झटकत राहिले.

एवढं लिहून बघितलं तरी उत्तर येत नाही. घेतली तर माझे चाळीस सेंटीमीटर गेले, आणि मी तुला जे म्हटलं ते खोटं ठरलं. नाही घेतली तर त्या पोरीला वाटेल, आंटीला अम्मीची वस्तूही नको. उद्या परत लिहीन.

गुरुवारी लिहिणं झालं नाही. आज शुक्रवार. मी वर जाऊन आलेय, आणि तुला लगेच सांगायला हवं.

नमाज झाल्यावर गेले. पर्समध्ये टेप टाकला होता. का टाकला ते मलाही नीट माहीत नव्हतं. रिकाम्या हाताने नाही म्हणायला मला जमलं नसतं बहुतेक. भाईजान खोक्याशेजारी खुर्ची घेऊन बसले होते. नसीम आत चहा करत होती, एका हाताने स्टँड धरून. ते बघितलं आणि माझ्या मनात आलं, की हिच्या घरातलं काही मी कधी मापलंच नाही. मापायचं तर नेहमी तिकडचं, नाहीतर माझं.

मी म्हटलं, "नसीम, जरा हे टोक धर गं."

"काय मापताय?"

"धर तर."

भिंतीपासून फ्रिजपर्यंत. चौऱ्याण्णव. मी टेप सोडला, परत लावला. खाली लादीपाशी मापलं, चौऱ्याण्णव. पुढे ओव्हनचं दार उघडायला लागणारी जागा मापली, ती भरपूर. किचनचं दार मापलं, अठ्ठ्याहत्तर. म्हणजे नव्वदची रेंज सरळ येणार नाही, पण पुढून मागं ती साठच आहे, कडेने आत येईल.

"नव्वदची बसते," मी म्हटलं.

"कुठं?"

"इथं. हा स्टँड काढला की."

नसीम म्हणाली, "बट... ती तर गावची आहे." आणि भाईजान उठून किचनच्या दारात आले. मला म्हणाले, "परत माप." मी परत मापलं. त्यांनी वाकून टेपवरचा आकडा स्वतः वाचला. मग भिंतीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "नऊ वर्षं आम्ही तिच्यावर चहा प्यालो."

भाभी, तुझ्या कागदावर रत्नागिरीचा इंच न् इंच होता. हे किचन तू एकदाही मापलं नव्हतंस.

मग मी ते म्हटलं. "मला रेंज नको. माझ्याकडे साठचीच बसवायची आहे. ही तुम्ही इथं लावा."

भाईजान म्हणाले, "ती असती आणि बोलली असती, तर तू ऐकलं असतंस."

"नसतं ऐकलं, भाईजान. यावरूनच आमचं भांडण झालं होतं. ते मिटलं नाही." हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, यांनासुद्धा नाही.

नसीमने नाक ओढलं. "आय नो. अम्मीने सांगितलं होतं. तीन दिवस तणतणत होती. बोलली, त्या सुलीचं डोकं फिरलंय, दोन आकडे काय मापले." आणि ती हसायला लागली, मग भाईजान, मग मी. तुझ्या किचनमध्ये आम्ही तिघं उभे राहून हसलो, भाभी. मला माफ केलंस की नाही, ते तू कोणाला सांगून गेली नाहीस. पण माझं डोकं फिरलंय, हे तू तीन दिवस घरभर म्हणत होतीस, याने मला इतकं बरं वाटलं. रागावलीस म्हणजे मला मोजलंस.

हसून झाल्यावर नसीम हळूच म्हणाली, "सुलूआंटी, लास्ट विश वगैरे मी माझ्या मनाने बोलली. सॉरी. अब्बा ती शिपिंगने गावी पाठवायचं बोलत होते. मला ती इथून लांब नको होती जायला. तुमच्याकडे आली असती तर मला खाली येऊन बघता आली असती."

मी तिला जवळ घेतलं. तुझ्याइतकीच उंच झालीय, हनुवटी माझ्या डोक्यावर येते.

भाईजान परत हॉलमध्ये जाऊन बसले होते. तिथूनच म्हणाले, मोठ्याने नाही, आपल्याशीच बोलल्यासारखे, "तिला इथं ठेवलंय. मग रेंज तिकडे कोणासाठी पाठवू?"

थोड्या वेळाने त्यांनीच टेबलक्लॉथ काढून त्याची घडी घातली. चार्जर, पुस्तकं, कप, सगळं खाली उतरवलं. खोका मात्र आज उघडला नाही. मी घाई करू नका म्हटलं. गॅसची नळी जुनी झालीय, ती बदलून घ्यायला हवी, आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवायची. मी सगळं एका कागदावर लिहिलं. भिंत ते फ्रिज किती, दार किती, कशी आत न्यायची. नसीमने तो फ्रिजवर चिकटवला.

सुताराला उद्या मी साठ सांगणार आहे. हिंदीत सांगेन, मोठ्याने, बोट न दाखवता. आणि तुला सांगते, माझं म्हणणं बदललेलं नाही. तू चुकत होतीस. तू असतीस तर अजून भांडलो असतो, आणि मी भांडायला आले असते.

तुझ्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण बाहेरून मागवायचं ठरलं होतं. जिना उतरत होते तेव्हा नसीमने वरून हाक मारली. म्हणाली, घरीच करू या, तुम्ही याल ना सकाळपासून? साठ-सत्तर माणसं होतील. मी मनातल्या मनात पातेली मांडली. मटण, भात, डाळ, खीर, आणि एकावर चहा चालूच राहील. पाचही बर्नर लागतील, भाभी. मी येतेय.